टेबलामागच्याची श्रद्धा, टेबलापुढच्याचं काम

सरकारी टेबलावर धर्मापायी काम अडतं तेव्हा ‘धर्म’ हा शब्द सहसा कुणी उच्चारत नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ ‘आईवडलांना घेऊन या, मग बघू.’ सातारा असो की सांगली, नोंदणी विवाहाचा अर्ज घेऊन आलेल्या दोघांची नावं दोन वेगळ्या धर्मांतली असली की एकाएकी झेरॉक्स कमी पडू लागतात. आत बसलेल्या माणसाला ते लग्न मनापासून अधर्म वाटत असेल, त्यापायी त्याची झोपही उडत असेल. पण तो तसं म्हणत नाही, लिहून तर मुळीच देत नाही. त्यामुळे त्याच्या श्रद्धेचाही नीट विचार होत नाही आणि समोरच्याच्या हक्काचाही.

म्हणून प्रश्न सरळ मांडू. पगार सरकारचा, सही आपली, आणि सही ज्यावर करायची ते काम आपल्या श्रद्धेत बसत नाही. अशा वेळी ‘मी हे करणार नाही’ असं म्हणता येतं का? उत्तर त्या ‘हे’ म्हणजे नेमकं काय, यावर अवलंबून आहे.

पालखी, बंदोबस्त आणि आरती

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे जाते. त्या दिवसांत वाटेवरच्या पाण्याची ओटी टेस्ट होत असते. चाचणीच्या नळीत टँकरचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर तो टँकर प्यायला द्यायचा नाही. ही टेस्ट करणारा आरोग्यसेवक ख्रिस्ती असेल, मुसलमान असेल, देवच न मानणारा असेल. ‘वारी माझ्या धर्मातली नाही’ म्हणून त्याला ती टाळता येत नाही, कारण ती टेस्ट वारकऱ्याच्या पोटासाठी आहे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या हिंदू कॉन्स्टेबलचंही तेच. मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून जास्त माणसं गेली. गर्दी आवरणं हे देवाचं काम की सरकारचं, हा वाद त्यानंतर तरी कुणी घालू नये.

आता त्याच आरोग्यसेवकाला वरिष्ठ म्हणाले, ‘पालखी आलीय, चला, आरतीला उभं राहा, हात जोडा,’ तर? इथे तो नाही म्हणू शकतो. नाशिकच्या एका शाळेत हे प्रत्यक्ष घडलं. एक शिक्षक प्रार्थनेला उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. शाळेने त्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल शिक्षकांच्या बाजूने दिला: प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करता येत नाही आणि न जोडणं ही बेशिस्त होत नाही. त्यांनी शिकवणं नाकारलं नव्हतं, एकाही मुलाचा तास बुडवला नव्हता. तक्रार होती ती फक्त दोन तळहातांमधल्या अंतराची.

ऑफिसातल्या सत्यनारायणाला, खंडेनवमीच्या पूजेला हीच फूटपट्टी लावा. बंदूक साफ ठेवणं आणि रजिस्टरला नोंद घेणं ही ड्युटी. तिला हळदकुंकू वाहणं ही रीत. रीत आवडीने पाळावी, कुणाची हरकत नाही; पण ती न पाळणाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याचा रंग उतरू नये.

मात्र एका ठिकाणी ही फूटपट्टी वाकते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये सैन्यात दाखल झालेले एक ख्रिस्ती लेफ्टनंट आपल्या जवानांबरोबर रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वाऱ्यापर्यंत जायचे, बाहेर थांबायचे, पण पूजेसाठी गाभाऱ्यात जायला तयार नव्हते. २०२१ मध्ये त्यांना नोकरीवरून काढलं. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई उचलून धरली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. न्यायालयांचा रोख असा: जवानांचं मनोबल बांधणं हा तिथे अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग आहे, आणि वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडणं ही सैन्यात वेगळीच बाब आहे. संविधानाच्या ३३व्या कलमाने सशस्त्र दलांच्या आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालायची मुभा संसदेला दिलेली आहे. या निकालावर मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत. पण तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकुनाला तो जसाच्या तसा लावू नका; त्याच्यावर ३३वं कलम लागत नाही.

ड्युटी हा एक प्रकार, रीत हा दुसरा. खरी कुस्ती तिसऱ्या प्रकारात आहे: काम धार्मिक नाही, कायद्याने नेमून दिलेलं आहे, पण करणाऱ्याला ते पाप वाटतं. सांगली भागात जैन समाज मोठा आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. पालिकेच्या कत्तलखान्यात पशुवैद्यकीय अधिकारी जनावर कापण्याआधी तपासतो आणि कापल्यावर मांस तपासून शिक्का मारतो. अहिंसा हाच ज्याचा धर्म, त्याला तो शिक्का हाताला चटका देणारच. त्याची अडचण खरी आहे, ढोंग नाही. पण त्याने शिक्का मारला नाही म्हणून जनावर वाचत नाही. फार तर आजारी जनावराचं मांस बिनतपासणीचं बाजारात जातं. दुसरा डॉक्टर उपलब्ध असेल तर ड्युटी बदलून घ्यावी, हे शहाणपणाचं. एकटाच असेल तर तपासणी त्यालाच करावी लागेल.

कायदा कुठे उभा आहे

संविधानाच्या २५व्या कलमात ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ असे शब्दच आहेत. ते सगळ्यांना आहे, सरकारी नोकरालाही. पण त्या कलमाची सुरुवात कशी होते ते लोक वाचत नाहीत: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या, तसंच मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन राहून. त्या इतर तरतुदींत १४वं कलम आहे, म्हणजे कायद्यापुढे समानता. १५वं आहे, म्हणजे धर्म-जात पाहून भेदभाव नाही. आणि १७वं आहे, अस्पृश्यता बंद. अधिकाऱ्याचं २५ नागरिकाच्या १४-१५-१७च्या वर चढत नाही.

१९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने हीच रेघ आखली. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती छागला होते आणि जन्माने सातारकर असलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. राज्य संरक्षण देतं ते श्रद्धेला, विश्वासाला; धर्माच्या नावाने केलेली कृती सुव्यवस्था, आरोग्य किंवा समाजहिताच्या धोरणाच्या आड आली तर तिला बाजूला व्हावं लागतं. खटला होता एकाहून जास्त लग्नं करण्यावरच्या बंदीचा, पण तत्त्व टेबलावरच्या फाइललाही तेवढंच लागू पडतं.

कायद्याला मनाची कदर नाही असंही नाही. मंत्री-आमदारांच्या शपथेचा मसुदा पाहा: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ आणि त्याला पर्याय ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’. देव न मानणाऱ्याला किंवा देवाचं नाव असं घेणं ज्याच्या धर्मात बसत नाही त्याला दुसरी वाट पहिल्या दिवसापासून आहे. फरक इतकाच की या सवलतीने दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. नेमून दिलेलं काम धर्माच्या कारणावरून नाकारायची मुभा देणारा सर्वसाधारण कायदा मात्र सरकारी नोकरांसाठी आपल्याकडे नाही.

तो का नाही, हे समजायला मसूरच्या स्टेशनावर जावं लागेल. साल १९०१. साताऱ्याहून आगगाडीने निघालेली चार-दोन मुलं मसूरला उतरली. वडिलांकडून कुणी न्यायला आलं नव्हतं. अंगावर चांगले कपडे, बोलणं स्वच्छ. स्टेशन मास्तरांना ती बामणाची पोरं वाटली आणि ते आस्थेने चौकशी करू लागले. मुलांनी जात सांगितली, महार. मास्तरांचा चेहरा बदलला आणि ते सरळ आपल्या खोलीत निघून गेले. अर्ध्या तासाने परत आले. एकही गाडीवान दुप्पट भाड्यालाही विटाळ घ्यायला तयार होईना. शेवटी मास्तरांनीच तोड काढली: गाडी मुलांनी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालत यायचं. त्या मुलांत दहाएक वर्षांचा भीमराव आंबेडकर होता.

मास्तरांनी ‘नाही’ असं एकदाही म्हटलं नाही. ते फक्त खोलीत गेले. तो अर्धा तास आणि आजचं ‘साहेब मीटिंगला गेलेत’ यांत फारसं अंतर नाही. आणि हेही खरं की शेवटी मार्ग त्यांनीच काढला. माणूस दुष्ट नव्हता, त्याच्या मते तो धर्मच पाळत होता. आपल्याकडे धर्माच्या नावाने सर्वांत जास्त काळ नाकारली गेलेली सेवा हीच आहे: पाणी, वाट, शाळेतली जागा. म्हणून ‘अधिकाऱ्याच्या श्रद्धेला थोडी सूट देऊ’ ही सूचना इथे युरोपइतकी निरुपद्रवी नसते. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा या जखमेतून आले. १९८९ च्या कायद्याचं ४थं कलम तर थेट सरकारी नोकराकडे बोट दाखवतं: त्या कायद्याखालचं कर्तव्य जाणूनबुजून टाळलं तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद.

बाहेर काय झालं

अमेरिकेत जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या निवडून आलेल्या क्लार्क किम डेव्हिस यांनी देवाच्या अधिकाराचा हवाला देऊन विवाह परवाने देणं थांबवलं, तेही सगळ्यांचेच. ‘मी भेदभाव करत नाही, कुणालाच देत नाही’ असा तो डाव होता. कोर्टाच्या हुकमानंतरही त्या बधल्या नाहीत, म्हणून ३ सप्टेंबरला अवमानाखाली तुरुंगात गेल्या आणि ८ तारखेला सुटल्या. मधल्या काळात त्यांच्या हाताखालच्या क्लार्कनी परवाने दिले, म्हणजे काम काही थांबलं नाही. पुढे राज्याने फॉर्मवरून क्लार्कचं नावच काढून टाकलं. हा तोडगा लक्षात ठेवण्यासारखा आहे: नाव खुपत असेल तर नाव काढा, परवाना अडवू नका. तरी २०२३ मध्ये ज्यूरीने एका जोडप्यातल्या दोघांना प्रत्येकी ५०,००० डॉलर भरपाई ठरवली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेव्हिस यांची याचिका ऐकायला नकार दिला.

लंडनच्या इस्लिंग्टन भागातलं प्रकरण जास्त शिकवून जातं, कारण तिथे आरडाओरडा नव्हता. डिसेंबर २००५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीची नोंद सुरू झाली. एक जुन्या रजिस्ट्रार श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. त्या सहकाऱ्यांशी आपसात ड्युटी बदलून घेऊ लागल्या. काही दिवस चाललं. मग सहकाऱ्यांनीच तक्रार केली: त्यांच्या नकाराचा भार आमच्या पाळीवर का, आणि आमच्यातल्या समलिंगींना रोज ते निमूट का पाहावं लागावं? प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि १५ जानेवारी २०१३ रोजी त्या हरल्या. आपसातली अदलाबदल वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय केली की ती अशीच उलटते.

देशोदेशी उत्तरं वेगवेगळी आली. फ्रान्सच्या घटना परिषदेने ऑक्टोबर २०१३ मध्ये सांगितलं की लग्नं लावणाऱ्या महापौरांना समलिंगी लग्नाला नकाराची मुभा न देणं घटनेला धरूनच आहे. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून असा नकार देणाऱ्याची विवाह नोंदणी अधिकारी म्हणून नव्याने नेमणूकच होत नाही. दक्षिण आफ्रिकेने २००६ मध्ये अधिकाऱ्यांना मंत्र्यांकडे लेखी कळवून मोकळं व्हायची सोय दिली आणि जोडपी दारातून परत जाऊ लागल्यावर २०२० मध्ये ती रद्द केली. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्याने २०१५ मध्ये मधला रस्ता काढला: ज्याला नको त्याने लिहून द्यावं, पण मग किमान सहा महिने त्याने कुठलंच लग्न लावायचं नाही, स्त्री-पुरुष जोडप्याचंही नाही. शिवाय लग्न लावणारा अधिकारी प्रत्येक काउंटीत आठवड्यातून किमान तीन दिवस मिळून दहा तास उपलब्ध असलाच पाहिजे. ‘हे लग्न लावीन, ते नाही’ अशी निवड तिथे बंद केली, हा त्यातला चांगला भाग.

आणि बेल्जियमचा राजा बोदुएँ. एप्रिल १९९० मध्ये गर्भपाताचा कायदा सहीसाठी आला. तो म्हणाला, माझा धर्म मला सही करू देत नाही. मंत्रिमंडळाने राजा राज्य करायला असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनी सह्या केल्या, आणि ५ एप्रिलला संसदेने राजाला परत गादीवर बसवलं. थट्टा वाटते खरी. पण कायदा एक दिवसही अडला नाही आणि राजाच्या हातून सहीही झाली नाही.

नोंदणी विवाहाचा कागद: अडतं कुठे

विशेष विवाह कायदा १९५४ हा दोन धर्मांतल्या जोडप्याचा आधार आहे. सत्यशोधकी पद्धतीने, भटजीविना लग्न करणारी आपल्या भागातली बरीच मंडळीही कागद पक्का राहावा म्हणून याच कायद्याखाली नोंदणी करून घेतात. १८७२ च्या मूळ कायद्यात जोडप्याला ‘आम्ही अमुक अमुक धर्म मानत नाही’ असं लिहून द्यावं लागायचं. १९५४ च्या कायद्यात ती अट नाही. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण, आधीचं लग्न अस्तित्वात नसावं, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर असावं, निषिद्ध नात्यात नसावेत. हे ४थं कलम, आणि हरकत याच मुद्द्यांवर घेता येते. ‘मुलगी आमच्या समाजाची आहे’ ही हरकतच नव्हे.

प्रक्रिया अशी. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस दिल्यावर विवाह अधिकारी ती नोटीस-वहीत नोंदवतो आणि कार्यालयात दिसेल अशा जागी लावतो. कुणी कायमचा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते. लावल्यापासून ३० दिवसांत हरकत आली नाही तर लग्न लावायला अडथळा नाही. हरकत आली तर ३० दिवसांत चौकशी संपवायची. हरकत खोडसाळ निघाली तर ती घेणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत खर्च भरायला लावायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. तो वापरल्याचं क्वचितच कानावर येतं.

आता अडवणूक कुठे बसते ते पाहा. ३० दिवस मोजले जातात नोटीस बोर्डावर लागल्यापासून. पण नोटीस बाद होते ती दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत. समजा, १ जूनला नोटीस दिली. टेबलावर ती पडून राहिली आणि बोर्डावर लागली २० जूनला. हरकतीची मुदत गेली २० जुलैपर्यंत. १८ जुलैला एका काकांनी हरकत टाकली. चौकशीला १७ ऑगस्ट उजाडला. हाती उरले दोन आठवडे, त्यात गणपतीच्या सुट्ट्या आणि साहेबांची रजा. १ सप्टेंबर उलटला की नोटीस मेली, पुन्हा पहिल्यापासून. कुणी एका शब्दाने नकार दिलेला नाही, आणि लग्न मात्र अडलं.

दुसरी जागा म्हणजे घरी पत्र पाठवणं. कायद्यात नोटीस कार्यालयात लावा असं आहे, आईवडलांच्या पत्त्यावर पाठवा असं कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही प्रथा बेकायदा ठरवली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यापुढे जाऊन नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयाला बांधत नाही, त्यामुळे त्याची प्रत घेऊन काउंटरवर वाद घालण्यात वेळ जातो. आईवडलांची उपस्थिती, धर्मगुरूचा दाखला, यांतलं काहीही कायदा मागत नाही.

एक उणीव कबूल केली पाहिजे. या कायद्याचं ४६वं कलम विवाह अधिकाऱ्याला शिक्षा सांगतं ती चुकीचं लग्न लावल्याबद्दल: नोटीस न लावता, मुदतीआधी, अटी मोडून. एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. योग्य लग्न न लावल्याबद्दल या कायद्यात शिक्षाच नाही. म्हणून घाबरट अधिकारी ‘न केलेलं बरं’ असा हिशेब करतो, आणि श्रद्धेचा विरोध त्या भीतीच्या आड सहज लपतो. नकाराचा इलाज मग दुसऱ्या कायद्यांत शोधावा लागतो.

टेबलामागे बसलेल्यासाठी

मनापासून अडचण असेल तर ती अर्जदार समोर उभा असताना काढू नका. कामकाज वाटपाचा आदेश हातात पडला त्याच आठवड्यात वरिष्ठांना लिहा: कोणतं काम, का नको, त्या जागी कोण करू शकेल, आणि त्या बदल्यात आपण कोणता कार्यभार उचलू. आवक क्रमांक घ्या. लेखी आदेश येईपर्यंत काम करत राहा. कार्यालयात त्या अधिकाराचा माणूस एकच असेल तर अदलाबदल होणार नाही, बदली मागा. आणि निवडक नकार मागू नका. फक्त आंतरधर्मीय विवाह नकोत असं लिहिलंत तर तो अर्ज श्रद्धेचा राहत नाही, तो १५व्या कलमाविरुद्धचा पुरावा होतो. सहीचा अर्थही तपासून पाहा: विवाह अधिकारी प्रमाणित करतो ते एवढंच की अमुक तारखेला, तीन साक्षीदारांसमोर, या दोघांनी कायद्याने सांगितल्याप्रमाणे लग्न केलं. त्यात आशीर्वादाचा रकाना नाही.

असं न करता नुसतं अडवून ठेवलं तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चा नियम ३ आहे, कर्तव्यपरायणतेचा. त्याच वर्षीच्या शिस्त व अपील नियमांतल्या नियम ५ मध्ये शिक्षांची यादी आहे: ठपका, वेतनवाढ रोखणं, इथपासून सक्तीची सेवानिवृत्ती आणि बडतर्फीपर्यंत. किरकोळ शिक्षेला नियम १० ची छोटी चौकशी पुरते. जबर शिक्षेला नियम ८ ची, दोषारोपपत्रासह पूर्ण विभागीय चौकशी लागते.

अशा वेळी आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव हमखास निघतं. ते साताऱ्याजवळच्या माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्तच प्रायश्चित्त असं सांगून ते पद सोडून निघून गेले. पण त्यांचा दाखला देणारे क्रम विसरतात. शास्त्र्यांनी आधी आपलं काम पुरतं केलं, निकाल तोंडावर सांगितला, आणि मग खुर्ची सोडली. खुर्चीत बसून राहायचं आणि फाइल दाबून ठेवायची, याला रामशास्त्री बाणा म्हणत नाहीत.

टेबलापुढे उभे असलेल्यांसाठी

पहिली गोष्ट: तोंडी नकार ऐकून बाहेर पडू नका. जे कमी आहे ते लिहून मागा. ‘कोणतं कागदपत्र, कोणत्या कलमाने?’ एवढा एक अर्ज, दोन प्रतींत, एका प्रतीवर आवकचा शिक्का. निम्मी अडवणूक त्या शिक्क्याच्या आवाजाने संपते. नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन ती बोर्डावर लागली का ते पाहा आणि लागलेल्या तारखेसह फोटो काढून ठेवा.

नोटीस बोर्डावर लागत नसेल तर २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा राज्य कायदा आठवा: कुठलीही फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये. अर्जात हे वाक्य घाला. सेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ती सेवा अधिसूचित आहे का, ते कार्यालयातल्या फलकावर वाचा. कोणती सेवा, किती दिवसांत, अपील कुणाकडे, हे तिथे लावणं बंधनकारक आहे. असेल तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे, पण दंडाची नोंद सेवेत टोचते.

हरकत मान्य करून अधिकाऱ्याने लेखी नकार दिला तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. तिथला निर्णय अंतिम. हरकतच नाही आणि तरी लग्न लावत नाहीत, तर २२६व्या कलमाखाली उच्च न्यायालयात परमादेशाची, म्हणजे ‘नेमून दिलेलं काम करा’ असा हुकूम मागणारी याचिका. सातारा-सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. फौजदारीचा रस्ता, भारतीय न्याय संहितेचं कलम १९८, दिसायला सोपा वाटतो, पण त्यात इजा पोचवण्याच्या हेतूने किंवा इजा होण्याची शक्यता आहे हे जाणून कायदा मोडला हे सिद्ध करावं लागतं. ‘सर्व्हर डाऊन’मधून हेतू किंवा जाणीव सिद्ध करणं कठीण.

घरच्यांकडून धोका असेल तर तो प्रश्न कार्यालयाचा नाही, पोलिसांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकारी यांचा विशेष कक्ष ठेवायला सांगितलं आहे, आणि सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराण्याची किंवा जातीची संमती लागत नाही हेही. अर्ज थेट अधीक्षक कार्यालयात द्या, ठाण्यात नंतर.

आणि तारीख ठरवताना तीन महिन्यांच्या टोकाला जाऊ नका. ३० दिवस संपले की लगेचचा कामाचा दिवस मागा. तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह हवेत, म्हणून चौथा सांगून ठेवा. नेमक्या त्या दिवशी एकाची एसटी चुकते.